निशाणाकडे पाठ

“बेटं घेतली म्हणून गुलाम मिळाले, की गुलाम होते म्हणून बेटं घेता आली?”

मरजानबाबांनी विचारलं आणि अडकित्त्यात सुपारी धरली.

विसाजीपंतांचं बोट ओळीवरच थांबलं. बखरीचं चाळिसावं पान होतं. नुकतीच कुठे तिसरी लढाई जिंकून झाली होती, आणि हा म्हातारा मधेच असलं काहीतरी विचारत होता.

“बाबा, बेटं घेतली ती थोरल्या सरकारांच्या पराक्रमानं.”

“बरं.”

“गुलाम त्यातून आले.”

“मग पहिल्या बेटावर गलबतं कुणी नेली?”

“सरकारांनी.”

“एकट्यांनी?”

बाबांनी सुपारी तोंडात टाकली आणि ते मजेत समुद्राकडे बघत बसले.

विसाजीपंत म्हणजे दरबारचे चिटणीस. अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा ताठा मानेत. खाडीच्या तोंडाशी भर पाण्यात किल्ला होता. त्या एका किल्ल्याचं राज्य वीस वर्षांत पाच बेटांचं कसं झालं, ती हकीगत या बखरीत होती. पहिली निम्मी पंतांच्या वडिलांनी लिहिली, उरलेली पंतांनी. दोघांची मिळून तीस वर्षं त्यात गेली. वडील गेले ते एकच बोलून गेले, ‘दरबारात वाचली जाऊ दे.’

दरबार उद्याच होता. दसऱ्याचा.

पण आईसाहेबांनी मेख मारून ठेवली होती. राज्य आता त्या बघत. त्यांचा हुकूम असा, की सातही लढायांत असलेला माणूस आता एकच जिवंत आहे. त्याला बखर ऐकवा. त्यानं हुंकार दिला तर वाचा, नाहीतर दप्तरात बांधून ठेवा.

तो माणूस म्हणजे मरजानबाबा. दहा-बारा वर्षांचे असताना हबशांच्या मुलखातून त्यांना जहाजात कोंबून आणलं, इथल्या बंदरात विकलं आणि गलबताच्या वल्ह्यावर बसवलं. सातव्या लढाईनंतर थोरल्या सरकारांनी त्यांना मोकळं केलं. तेव्हापासून ते किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर झोपडी बांधून फकिरासारखे राहत. आता ऐंशीच्या पुढे असतील. त्यांचा हुंकार मिळवायला मानकरी सुद्धा होडी करून येत, आणि पुष्कळदा तसेच परत जात.

“पुढं वाचू?” पंतांनी विचारलं.

“वाच की.”

“‘चवथे लढाईस गलबते वाऱ्यासारिखी धावली…’”

“त्या दिवशी वारा नव्हता.”

पंतांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

“बाबा, हा लिहिण्याचा रिवाज आहे.”

“असेल. पण वारा नव्हता.”

…

सूर्य डोक्यावर आला तोवर पाचवी, सहावी, सातवी अशा सगळ्या लढाया वाचून झाल्या. पंतांनी शेवटचं पान उलटलं, पोथी बासनात बांधली आणि ते हात जोडून बसले.

बाबांनी हुंकार दिला नाही.

“चुकलं काय, ते तरी सांगा.”

“चूक कुठाय? अक्षर चांगलं आहे.”

“मग हुंकार द्या! वडिलांनी यात डोळे घालवले, बाबा. शेवटी शेवटी त्यांना दिवासुद्धा दिसत नव्हता. उद्या वाचली गेली नाही, तर मी श्राद्धाला कुठल्या तोंडानं बसू?”

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

“तू किल्ल्यातून आलास कसा?”

“सरकारी होडीनं.”

“बसला होतास कुठं?”

“चिटणिसाच्या जागी. गादीवर.”

बाबा उठले. धक्क्यावर सरकारी होडीचे खलाशी पानं खात बसले होते. त्यांना बाबा म्हणाले, “तुम्ही निघा रे. पंतांना मी पोचवतो.”

खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं, गालात हसले आणि होडी घेऊन चालते झाले. पंत हाका मारीत राहिले.

किनाऱ्यावर चांगी कोळीण बोंबील वाळत घालत होती. बाबा तिला म्हणाले, “चांगे, तुझी होडी दे. पंत वल्हवणार आहेत.”

चांगीच्या हातातले बोंबील खाली पडले.

“ह्ये? ह्ये पंत?”

“हो.”

“न्या बाबा न्या! पन मी हितंच हुबी ऱ्हानार. आसलं पुन्ना बघाया गावायचं न्हाई.”

पंतांनी बखर किनाऱ्यावरच कोरड्या जागी ठेवली, पागोटं नीट केलं आणि होडीत पाय टाकला. आता माघार घेतली तर ही बाई उद्या भर बाजारात सांगत सुटेल, हे त्यांना कळत होतं. होडीचं पुढचं टोक किल्ल्याकडे होतं. बाबा मागच्या टोकाला सुकाणू धरून बसले. पंत मधल्या फळीवर बसले, किल्ल्याकडे तोंड करून.

आता हे सांगायला हवं. त्या दरबारचा एक रिवाज होता. किल्ल्याच्या निशाणाकडे कुणी पाठ करायची नाही. आत आलेला माणूस बाहेर जाताना उलट पावली जाई. पंत तर घरीसुद्धा त्या दिशेला पाय करून झोपत नसत. तेव्हा ते बसले ते निशाणाकडे बघत बसले. दुसरं कसं बसतात, हे त्यांच्या मनातही आलं नाही. सरकारी होडीतही त्यांची नजर निशाणावर असे; खलाशी कसे बसतात, तिकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“ओढ,” बाबा म्हणाले.

पंतांनी दोन्ही वल्ही पाण्यात घातली आणि सगळा जोर लावून ओढली. होडी सुसाट निघाली. उलटी. चार हात मागे येऊन थेट किनाऱ्याच्या चिखलात घुसली.

“पंतानू!” चांगी ओरडली. “किल्ला तिकडं हाय! हिकडं माजं बोंबील हायेत!”

पंतांनी पुन्हा वल्ही मारली. होडी आणखी चिखलात गेली.

“काय बिघडलंय हिचं?” त्यांनी चिडून विचारलं.

“होडी चांगली आहे,” बाबा म्हणाले.

मग पंतांनी वल्ही पुढे ढकलून पाहिली. होडी हातभर सरकली, भरतीच्या पाण्यानं दीड हात मागे आणली. पुन्हा ढकलली. पुन्हा मागे. पागोटं डोळ्यांवर आलं. चांगीच्या भोवती आणखी चारपाच कोळणी जमल्या. त्या आता उघड हसत होत्या.

“निशानाकडं येवढं डोलं लावल्यात,” एक म्हणाली, “तरी निशान लांबच चाललंय की!”

पंत थांबले. धापा टाकत त्यांनी निशाणाकडे पाहिलं. मग वल्ह्यांकडे. मग पुन्हा निशाणाकडे.

“बाबा… वल्हं मारणारा कसा बसतो?”

“तुला काय वाटतं?”

“पाठ करून?”

बाबांनी सुकाणू नीट धरलं.

“सरकारांच्या गलबतावर सुद्धा? लढाई जिंकून येताना सुद्धा? निशाणाकडे पाठ करून?”

“नाहीतर गलबत परत आलं असतं का?”

जन्मात जे केलं नव्हतं ते करायचं होतं, आणि तेही पाच कोळणींच्या देखत. शेवटी पंतांनी पागोटं काढून मांडीखाली ठेवलं, पाय उचलले आणि फळीवरच्या फळीवर अर्धं वर्तुळ फिरले. किल्ला पाठीमागे गेला. समोर आले बाबा, आणि बाबांच्या मागे सगळा किनारा.

“ओढ.”

होडी चिखलातून सुटली. किनाऱ्यावरून आरोळी उठली.

पण दोन वल्ही एका वेळी पडेनात. एक आधी, एक मागून. होडी खेकड्यासारखी तिरपी चालली. तेव्हा बाबांनी सुकाणूवर बोटं वाजवत हाकारा धरला.

“जुमा हो… कोंबा हो… उलेदी हो… सुदी हो…”

एवढा हाकारा पंतांना पाठ होता. त्या बंदरातलं पोर न पोर तो ऐकत वाढलेलं. कोळी जाळं ओढताना तोच म्हणत, पोरी फुगडीला तोच घेत. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. ओढायला बरा, एवढंच. किनाऱ्यावरून कोळणींनी तो उचलला, आणि पंतांचे हात आपोआप तालात पडू लागले. जुमा हो, ओढ. कोंबा हो, ओढ. होडी सरळ झाली. पंतांना हसू फुटलं. लहानपणी फुटत असे तसं.

“चालली की, बाबा!”

“चालली.”

“छान ताल आहे. कुणी रचला?”

“रचला नाही कुणी. वाढत गेला.”

…

खाडीच्या मध्यावर आल्यावर पंतांचे तळवे सोलायला लागले होते. पण ते थांबले नाहीत. विचार मात्र डोक्यातून जात नव्हता.

“बाबा, सातही लढायांत तुम्ही होता. शत्रूच्या गलबतावर आधी उडी कुणी घेतली, हे मी लिहिलंय ते बरोबर आहे ना?”

“मला काय माहीत? माझी पाठ होती.”

“शत्रूची गलबतं किती होती?”

“पाठ होती.”

“म्हणजे सात लढायांत तुम्ही शत्रू पाहिलाच नाही?”

“एकदाही नाही,” बाबा म्हणाले, आणि मोठ्यांदा हसले. दात दोनच उरले होते, दोन्ही दिसले.

“मग तुम्ही पाहिलं काय?”

“कोंबाची पाठ. तो माझ्या पुढ्यात बसायचा. डाव्या खांद्यावर तीळ होता. चार लढाया तोच तीळ बघितला.”

“आणि पाचव्या?”

“पाचव्या लढाईत अर्ध्यावर पुढ्यात सुदी आला.”

पंतांची वल्ही पाण्यावरच थांबली.

“कोंबा… माणूस होता?”

“तालात ओढायचा. गायचाही बरा.”

“आणि जुमा? उलेदी?”

“जुमा पहिल्याच लढाईत. म्हणून तो आधी येतो.”

“पण गुलामांची नावं अशी नसतात. मरजान, अंबर, याकूत अशी असतात.”

“ती विकत घेणाऱ्यानं ठेवलेली. हुकूम द्यायला.” बाबांनी सुकाणू जरा वळवलं. “ही आयांनी ठेवलेली. जो गेला, तो त्या दिवसापासून हाकाऱ्यात. बाकीच्यांना ओढायचं तर होतंच.”

…

पंतांना स्वतःच्या हातची एक ओळ आठवली. पाचव्या लढाईची. ‘दोर, दारूगोळा, बत्तीस गुलाम ऐसे सामान कामास आले.’ ती ओळ वडिलांची नव्हती. त्यांचीच होती. आणि तिच्यातलं अक्षर फार सुरेख आलं होतं.

किनारा दूर गेला होता. कोळणी आता ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या, पण हाकारा अजून ऐकू येत होता. त्यांना माहीतच नव्हतं आपण कुणाला हाका मारतोय, तरी मारत होत्या. मनापासून, हसत, खणखणीत.

“सगळी नावं किती आहेत, बाबा?”

“पुरा हाकारा म्हणायचा, तर होडी पाचही बेटांना वळसा घालून परत येते.”

“आणि बेटं वाढत गेली तशी…”

“ओढ, पंत. भरती आहे.”

पंतांनी ओढायला सुरुवात केली. या वेळी हाकारा त्यांनी स्वतः धरला. पहिल्यापासून. चवथ्यानंतर त्यांना पुढचं येईना. बाबा सांगत गेले, ते म्हणत गेले.

किल्ल्याच्या धक्क्यावर दसऱ्यासाठी गलबतांना तोरणं बांधणं चाललं होतं. ते बघायला आईसाहेब उतरल्या होत्या, सोबत दहाबारा मानकरी. आणि तेवढ्यात समोरून एक कोळ्याची होडी आली. तिच्यात दरबारचे चिटणीस, बोडक्या डोक्याचे, घामानं निथळणारे. निशाणाकडे पाठ, धक्क्याकडे पाठ, आईसाहेबांकडे पाठ.

“बेअदबी!” एक मानकरी गरजला. “पंत, समोर कोण उभं आहे बघा!”

“थांबा, थांबा!” पंत न वळताच ओरडले. “या खेपेची दोन नावं राहिलीत!”

मानकऱ्यांची तोंडं उघडी राहिली. आईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, तेव्हा हसत असाव्यात.

ती दोन नावं झाली. होडी धक्क्याला लागली. पंत उठले, वळले, आणि मुजरा करायला गेले तर हात उघडेना. तळव्यांचं कातडं वल्ह्यांनाच चिकटून राहिलं होतं.

“बखर कुठाय?” आईसाहेबांनी विचारलं.

“पलीकडच्या किनाऱ्यावर विसरली,” पंत म्हणाले. आठवलं तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटलं. “पण आईसाहेब, उद्या ती वाचता यायची नाही.”

“बाबांनी हुंकार दिला नाही?”

“मी मागितला तर देतीलही. पण मीच नको म्हणतो.”

“तीस वर्षांचं काम आहे, पंत. तुमच्या वडिलांचं.”

पंतांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी खाडीकडे पाहिलं.

“वडील गादीवरच बसून यायचे, आईसाहेब. मीही आजवर. लढाया सातही आहेत, पण पुन्हा लिहायला हव्यात. पुढच्या दसऱ्याला वाचेन. त्यासाठी मला रोज पलीकडे जायची परवानगी हवी.”

“सरकारी होडी घ्या.”

“नको. चांगी कोळीण देते म्हणाली.” चांगी असं काही म्हणाली नव्हती. पण पंतांना खात्री वाटत होती.

आईसाहेबांनी मान हलवली. मग त्या होडीकडे वळल्या. बाबा अजून मागच्या टोकाला सुकाणू धरून बसले होते, डोळे अर्धवट मिटून.

“बाबा, खरं सांगा. या माणसाच्या हातून राज्याची बखर होईल ना?”

बाबांनी एक डोळा उघडला. पंतांच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. मांडीखाली चेमटलेल्या पागोट्याकडे पाहिलं.

“हं,” ते म्हणाले. “लिहिता येईल की नाही, ते अजून ठाऊक नाही, आईसाहेब. बसता आलंय.”