इनामदारांचा आक्षेप
देशातली पहिलीच निवडणूक. बायकांच्या रांगेत हौसाबाई सर्वांत पुढे होती. अधिकाऱ्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं आणि तिची जीभ अडली. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती!

उमेदवार इनामदार तिथेच बसले होते. बायकांच्या मतांचा त्यांना भरवसा नव्हता. ते गरजले, "नाव नाही तर मत नाही! माझा आक्षेप आहे. घरी पाठवा हिला!"

मागच्या बायकाही घराकडे वळू लागल्या. हौसाबाईनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला,

"राज्य आलं लोकांचं, सरली इनामदारांची ऐट,
खंडेरावांचं नाव घेते, जाते पेटीपाशी थेट!"

रांग खळखळून हसली. इनामदार जायला उठले.

"बसा," अधिकारी म्हणाले. "आक्षेप तुमचाच आहे. अजून अख्ख्या रांगेचे उखाणे ऐकायचेत."