गाठ आणि ठिपके

एकदा एक भांड्यांचा व्यापारी पिठाच्या गिरणीवर उभा असताना त्याच्या कानी अर्धंच वाक्य पडलं: "त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी धातूचं औषध काढलंय म्हणे, कॅन्सर जागच्या जागी..." पुढचं घरघरीत विरलं. व्यापाऱ्याची बायको इस्पितळात होती. घरी दुसरं माणूस नाही. सकाळी तो चहाचं एकाच कपाचं आधण ठेवी, हे साऱ्या आळीला ठाऊक. त्यानं इस्पितळात जाऊन उद्याचं केमोचं सलाइन नको म्हणून सांगितलं, बायकोची फाइल घेतली आणि तडक त्या प्राध्यापकांची प्रयोगशाळा गाठली.

"द्या ते औषध. पाया पडतो."

प्राध्यापकांच्या शिष्येला गलबलून आलं. "सर, एक कुपी दिली तर?"

 सरांनी औषध दिलेला उंदीर तिला धरायला लावला आणि व्यापाऱ्याच्या हाती मोजपट्टी दिली. "गाठ मापा."

दुःखी माणसाला आपलं अपयश कशाला दाखवायचं, शिष्येला कळेना. व्यापाऱ्याचा हात पत्र्याची जाडी मापण्यात मुरलेला. गाठ मापून त्यानं प्रयोगाच्या वहीतला जुना आकडा पाहिला. "अहो, ही तर वाढलीय!"

"वाढलीय. आता हे बघा." भिंगाखाली दोन उंदरांची फुफ्फुसं होती. औषध न मिळालेल्यावर साबुदाणा सांडावा तसे पांढरे ठिपके. औषध मिळालेल्यावर मोजून चार.

"गाठ आम्हाला हटवता आली नाही," सर म्हणाले. "तिथून निघून फुफ्फुसात असं ठिपक्यांचं बिऱ्हाड करणाऱ्या पेशी तेवढ्या अडल्या, त्याही उंदरात. माणसाचं कळायला वर्षं जातील. बायकोचे कागद आणलेत?"

त्यांनी फाइल वाचली. "उद्याच्या सलाइनमध्ये प्लॅटिनमचं औषध आहे. तोही धातूच की! ते माणसांवर पारखलेलं आहे, आणि तेच सोडून तुम्ही इथे आलात."

व्यापाऱ्यानं फाइल परत घेतली. "तिला सांगून आलो, आता घरी चल म्हणून."

सर शिष्येकडे वळले. "पोरी, आशा लपवू नये. पण आहे तेवढीच द्यावी. वाजवीपेक्षा जास्त दिली, की माणूस हातातलं औषध टाकून देतो."

गिरणीवरची बातमी खोटी नव्हती. काहीतरी थांबत होतं खरं. माणसात थांबेल का, हे ठरायचं होतं.

व्यापाऱ्यानं इस्पितळात फोन लावला. "सिस्टर, उद्याचं सलाइन लावा. चुकलं माझं." मग बायकोला फोन द्यायला सांगितलं. तिचा आवाज आला, तेव्हा त्याला एवढंच जमलं: "घरी नाही गं नेत अजून. मीच येतो तिकडे."