कोपराला गूळ लावणारा राजा

ऊस ताडाएवढा उंच वाढायचा ना, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात गूळ करणारी धुरपा राहायची. तिच्या गुऱ्हाळावर एक काहील होती. काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, बरं का. तुम्ही सगळी पोरं आत मावाल एवढी. आणि गावाची एक रीत होती. काहिलीपाशी जो येईल, त्याला आधी गूळ द्यायचा, मग बाकीचं. ही रीत पाळली की काहील कधी रिकामीच व्हायची नाही.

हे गेलं राजाच्या कानावर. राजा होता मेला अधाशी. त्यानं शिपाई धाडले आणि काहील उचलून दरबारात नेऊन ठेवली. गावातली पोरं कोरडी भाकरी चावायला लागली. ते बघून धुरपाचा जीव तुटायचा.

मग सगळं गाव राजाकडे गेलं. राजा गोड हसला. म्हणाला, माझ्यासाठी तळं खणा, काहील परत देतो. तोवर तोंड गोड करा. असं म्हणून काय केलं त्यानं? प्रत्येकाच्या कोपराला गुळाचा लपका लावला. पुसायची बंदी. आणि त्या गुळाचा वास असा, की ज्याला लागला त्याला दुसरं काही सुचू नये.

मग काय, लोकांनी माना वाकड्या केल्या, जिभा बाहेर काढल्या. जीभ काही पोचेना. तुम्ही आत्ता करून बघू नका, मान धरेल. राजा म्हणाला, आळशी आहात, म्हणून पोचत नाही. लोकांनाही ते खरं वाटलं. आज नाही तर उद्या पोचेल, असं म्हणत राबले बिचारे. तळं झालं. मग राजा म्हणाला, आता तट बांधा. पुन्हा कोपराला गूळ. तटही झाला. मग म्हणाला, आता डोंगर फोडून वाट करा. लोकांनी पुन्हा कोपरं पुढे केली.

धुरपानं नाही केलं. वास तिलाही येत होता. तोंडाला पाणीही सुटलं होतं. पण तिला राग आला होता. राजाचा आला, आणि दोन वर्षं आपलंच कोपर चाटू बघणाऱ्या स्वतःचाही आला.

"महाराज," ती म्हणाली, "काहील आणलीत, तशी तिची रीतही पाळा. काहिलीपाशी असेल त्याला आधी गूळ. आज तुम्ही आहात. करा कोपर पुढे, आणि आम्हा आळशांना चाटून दाखवा."

सगळा दरबार बघत होता. नाही म्हणावं, तर राजाच आळशी ठरणार. त्यानं कोपर पुढे केलं. धुरपानं काहिलीतून मूठभर गूळ घेतला आणि चांगला थापला.

मग राजानं मान वळवली. जीभ काढली. नाही पोचली. वास तर नाकात शिरलेला. तो गोल गोल फिरायला लागला. मुकुट पडला, जोडा निसटला, तरी थांबवेना. आधी एक शिपाई हसला. मग दरबार हसला. मग गाव हसलं, आणि हसता हसता लोकांची भीतीच गेली.

"उचला काहील," धुरपा म्हणाली.

वीस जणांनी खांदा दिला. राजाला अडवायचं होतं, पण जीभ बाहेर, हुकूम फुटणार कसा? दारावरच्या शिपायांच्या हातावर धुरपानं गूळ ठेवला. त्यांनीच दार उघडलं.

गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं. पोरांच्या भाकरीवर गूळ आला. सगळी सुखानं नांदली. राजा काय, तो अजून फिरतोय.

तेव्हापासून कुणी नुसती गोड आशा दाखवून झुलवलं, की म्हणतात, यानं कोपराला गूळ लावला. तुम्हाला कुणी लावायला आलं ना, तर सांगायचं, द्यायचा तर हातावर दे. समोर राजा असला तरी सांगायचं.

हं, आता डोळे मिटा बघू.