चिमूटपुनवेची आमटी

"मग पळी कुणाच्या हातात देणार, बाबा?"

विश्वंभरनं विचारलं तेव्हा माळावर हलगी कडाडत होती. कढईखालची लाकडं भडकली होती आणि आमटीच्या वासानं माणसं नुसती उतावळी झाली होती.

सैदूबाबा चुलीजवळ बसले होते. मांडीवर ती लांब दांड्याची पळी. ज्याला ती मिळेल त्यानं पहिली पंगत वाढायची आणि पुढं तकियाची, म्हणजे फकिराच्या त्या मठीची, चूल सांभाळायची. म्हातारा फकीर आता थकला होता. पळी आज दुसऱ्याकडं जाणार, हे सगळ्या लिंबटाकळीला ठाऊक होतं.

कुणाकडं जाणार, ते विश्वंभरला ठाऊक होतं.

का नसावं? बाबा तापानं पडले तेव्हा यंदाची चिमूटपुनव त्यानंच तर उभी केली! डाळ त्याची. लाकूड त्याचं. मंडप त्याचा. कमानीवर हात जोडलेला भला मोठा फोटोही त्याचाच, आणि फोटोखाली ठसठशीत अक्षरांत एकच शब्द : अन्नदाता.

"घाई आहे?" बाबांनी विचारलं.

"माणसं खोळंबलीत, बाबा."

"कुठली माणसं?"

"पासवाली. मी पास दिलेत, आत पानांवर बसलीत ती."

"आणि ती?"

बाबांनी पळीनंच दाखवलं. मंडपाच्या कडेनं दोरी ताणलेली होती. दोरीपलीकडं खडी फोडणारे होते, पालं ठोकून राहिलेले होते, वाटेनं चाललेले आणि वास येऊन थांबलेले होते. आणि त्या प्रत्येकाची उजवी मूठ झाकलेली होती.

विश्वंभरनं तिकडं पाहायचं टाळलं.

चिमूटपुनवेची रीत जुनी. आमटी शिजवायची ती अळणी. डाळ, पीठ ज्याला जमेल त्यानं द्यावं, नाही जमलं तर देऊ नये. पण मीठ मात्र जेवणाऱ्यानं आपलं आपण आणायचं. चिमूटभर. ते कढईत सोडायचं आणि मग पंगतीला बसायचं. सावकार असो नाही तर भिकारी. या एका दिवशी कुणी कुणाचं मीठ खायचं नाही, एवढीच त्या सणाची पोथी.

विश्वंभरला हा सगळा गबाळेपणा वाटे. इतक्या हातांचं मीठ! घामेजलेलं, मातीत मळलेलं... त्यातून अंदाज धरायचा कसा? म्हणून यंदा त्यानं पोत्यानं मीठ आणलं, आचाऱ्याकडून मापानं टाकवलं आणि दोरीला पाटी लटकवली : मीठ आणू नये.

बाबांनी पळी कढईत बुडवली. रीतीप्रमाणं थेंबभर आमटी तळहातावर घेतली आणि चाटली.

मंडपातले मोबाईल वर झाले. विश्वंभरनं फेटा सारखा केला. आता... आता हात पुढं करायचा.

"अळणी आहे," बाबा म्हणाले.

"शक्यच नाही!"

त्यानं पळी जवळजवळ हिसकावली. एक भुरका मारला. झणझणीत, झकास, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

"बाबा, मीठ अगदी बेताचं आहे. तापानं तुमची जीभ गेलीय."

"असेल. मीठ कुणाचं आहे?"

"माझं."

"हां..." बाबांनी पळी परत घेतली. "मग अळणीच."

हलगी थांबली. विश्वंभरचे कान तापले. एवढ्या लोकांसमोर!

"दोरी सोड," बाबा म्हणाले. "टाकू दे ज्याची त्याला चिमूट."

"खारट होईल, बाबा! सगळी कढई वाया जाईल. तोंडात धरवणार नाही कुणाला!"

"मग तुझं काढून घे."

"टाकलेलं मीठ काढता येतं का, बाबा?"

बाबांनी पळी कढईत घातली. नुसती आमटी ढवळत राहिले...

दोरीपलीकडून एका बाईचा आवाज आला. गजराबाई. खडीच्या खाणीवरची. सकाळी विश्वंभरच्या बिल्लेवाल्या पोरांनी तिला दोनदा मागं लोटली होती, तरी ती हटली नव्हती.

"अहो अन्नदाते! मीठ न्हाई निघत बाहेर. पानी वता, डाळ वाढवा!"

हशा पिकला. मंडपातसुद्धा.

"डाळ आणू कुठून आता?" विश्वंभर ओरडला. "सगळी घातली!"

"आमच्या पालावर हाय की थोडी थोडी. का आमची डाळ बी चालत न्हाई तुमच्या कढईला?"

विश्वंभर दोरीपाशी गेला. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. मनात आलं, उचलावा आपला मंडप, उतरवावा फोटो, आणि बघावं हे लोक कसे जेवतात ते! त्यानं वळून पाहिलं. बाबा त्याच्याकडं बघतही नव्हते. आमटी ढवळत होते.

त्यानं गाठीला हात घातला. गाठ हलेना. पोरांना त्यानंच बजावलं होतं, करकचून बांधा. त्यानं नखं लावली, ओढलं, हिसडलं... शेवटी वाकला आणि दात लावले.

दोरी सुटली.

मग काय विचारता! माळच उठून आत आला. हलगीवाल्यानं टिपरी उगारली. बायका पालांकडं पळाल्या आणि पदरात डाळ घेऊन परत आल्या. घागरी ओतल्या, दुसरी कढई चढली, लाकडं सारली. पासवाले पानं सोडून उठले. त्यांनाही कुठूनकुठून मीठ मिळालं. कढईवर हातांमागून हात येत होते आणि मुठी उघडत होत्या.

विश्वंभर रांगेत शेवटी उभा राहिला. कढईपाशी आला.

"तुझी चिमूट?" बाबांनी विचारलं.

तो मिठाच्या पोत्याकडं धावला. झटकलं, उलटं केलं. दाणा नव्हता. मापात कमी पडू नये म्हणून सगळं घातलं होतं.

दुसऱ्या कढईत डाळ ओतवून घेणाऱ्या गजराबाईसमोर तो येऊन उभा राहिला. त्यानं तळहात पुढं केला.

"मावशी... थोडं मीठ द्या."

"काय म्हनला? हलगीत ऐकू येईना."

"मीठ द्या, मावशी! माझ्याकडं नाही!"

तिची मूठ अजून झाकलेलीच होती. तिनं ती उघडली. सकाळपासून धरून धरून मिठाचा ओला खडा झाला होता. तिनं तो मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"घे. आता माझं मीठ खातूस, ध्यानात ठेव. परत दोरी बांधलीस तर फेटा सोडून त्यानंच तुला बांधीन!"

दोघांनी आपापला अर्धा खडा कढईत सोडला.

बाबांनी पळी पुढं केली. विश्वंभरनं हात पुढं केला. पण पळी हाताशी थांबली नाही, सरळ ओठांना लागली.

"बघ."

त्यानं भुरका मारला. चेहरा आवळला. डोळ्यांत पाणी आलं. सगळा माळ त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"बाबा..."

"बोल."

"खारट झालीय."

बाबांनी पळी त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं दांड्यावर मिटवली.

"मग पाणी ओत... आणि अजून माणसं बोलाव."