लुगड्याचं दुसरं टोक

“...आणि बयाबाई काय म्हणाल्या?” डॉ. पडवळबाईंनी विचारलं.

मी फाइल पुढे केली. “मुलगा घरी नेतो म्हणतोय. वय एक्याण्णव. गर्भाशयाचा कॅन्सर, पण पिशवीबाहेर गेलेला दिसत नाही. मी गोळ्या लिहून दिल्यात.”

“मुलाचं नाही विचारलं मी.”

“त्यांना रोगाचं नाव सांगू नका, असं त्यानं, दत्तोबांनी, हात जोडून सांगितलंय.”

“दत्तोबांना पिशवी आहे?”

मला हसू आलं नाही.

“बाई, परदेशात सहा वर्षं मी हेच शिकले. म्हाताऱ्या माणसांना उगाच कापू नये, त्यांचे शेवटचे दिवस शांत जावेत. त्यासाठीच तर परत आले.” माझा आवाज चढला होता.

आजऱ्याजवळच्या या लहानशा दवाखान्यात बाई चव्वेचाळीस वर्षं बायकांची ऑपरेशनं करताहेत. त्यांचा आवाज चढलेला मी अजून ऐकलेला नाही.

“हृदय तपासलंस?”

“चांगलं आहे.”

“भूल देणारे डॉक्टर काय म्हणाले?”

“त्यांना विचारलं नाही... वय बघून.”

बाई उठल्या. “चल.”

बयाबाईंची खाट रिकामी होती. त्या वॉर्डामागे धुण्याच्या दगडापाशी सापडल्या. तीन महिने अंगावरून जात होतं. डाग पडलेलं लुगडं त्या सुनेला धुऊ देत नसत.

“मावशी, पिळायला माणूस आणलाय,” पडवळबाई म्हणाल्या आणि मला खूण केली.

मी ओल्या लुगड्याचं एक टोक धरलं. दुसरं बयाबाईंच्या हातात. वाळक्या काटकीसारखे हात. त्यांनी पीळ दिला.

एक पीळ... दोन... तिसऱ्याला टोक माझ्या हातातून निसटून दगडावर आपटलं.

“धर की गं नीट! जेवली न्हाईस व्हय?”

मी पुन्हा धरलं. या वेळी दोन्ही मुठींनी. पुन्हा निसटलं.

बाई ओट्यावर टेकल्या. “मावशी, तुमच्या पिशवीत कॅन्सर आहे.”



“अजून बाहेर पसरलेला दिसत नाही. पिशवी काढली तर बरं व्हायची आशा मोठी आहे. पण या वयात भुलीतून माणूस कधी कधी उठतही नाही. नाही काढली, तर गोळ्या देऊ. मग तो हळूहळू वाढेल. रक्त जात राहील.”

बयाबाईंनी आपलं टोक सोडलं नाही. पिळाच्या टोकातून पाणी ठिबकत होतं...

“दत्तू काय म्हणतोय?”

“घरी न्यायचं म्हणतोय.”

“भ्यालंय त्ये. ल्हानपणापास्नं रगात बघवत न्हाई त्याला.”

त्यांनी लुगडं झटकलं. पाण्याचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले.

“सात बाळंतपणं झाली,” त्या म्हणाल्या. “दर बारीला सासू इचारायची, घरात चूल कोण पेटवील? मी जगीन का, ह्ये कुणी इचारलं न्हाई. मलाबी कधी इचारावं वाटलं न्हाई.”

त्या बाईंकडे वळल्या.

“काढा.”

मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आन् उठले न्हाई, तर दत्तूला सांगायचं, आईनं सोता सांगितलं हुतं. तुज्यावर न्हाई यायचं काई.”

त्यांनी लुगडं दोरीवर टाकलं, टोकं जुळवली, सुरकुती हातानं सारखी केली आणि एकट्याच वॉर्डाकडे निघाल्या. मी रस्ता द्यायला बाजूला झाले.

बाई नळावर हात धूत होत्या.

“बाई...” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. “त्या नको म्हणाल्या असत्या तर?”

बाईंनी नळ बंद केला.

“तरी आजचं काम विचारण्याएवढंच होतं.”