बाभळीचे दार

विरजनगरीत सुमेध राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका कळपात बोकड होऊन जन्मले. कळप भद्दक नावाच्या मेंढपाळाचा. त्याचा सारा संसार बाभळीवर चाले. शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतीण बायकोला, कोवळी काडी दात घासायला, आणि शेळ्यांच्या वाड्याला कुंपण बाभळीच्याच काट्यांचे. दार म्हणजे एक झुपकेदार फांदी. भद्दक आत झोपे आणि फांदीचा बुंधा आत ओढून घेई. बाहेरच्याच्या वाट्याला नुसते काटे.

एके दुपारी नगरात रथांच्या शर्यतीचे नगारे वाजू लागले आणि भद्दकाला धीर धरवेना. बायको माहेरी, आतून दार ओढणार कोण? त्याने शेळ्या कोंडल्या, बाहेरूनच फांदी लोटली आणि धूम ठोकली. झालं! बुंधा राहिला बाहेर.

बनातल्या उपाशी लांडग्याने नेमके तेच हेरले. त्याने बुंधा दातांत धरून हिसका दिला. फांदी सुटली खरी, पण उसळून त्याच्याच अंगावर आली. काटे पंजात रुतले, मानेच्या केसांत गुंतले. धडपडावे तो आणखी अडकावे.

आत शेळ्यांची पाचावर धारण बसली होती, त्यांना आता चेव चढला. नंदा नावाची तरणी शेळी म्हणाली, "दादा, आयता सापडलाय. शिंगांनी कोथळाच काढू याचा."

बोधिसत्त्व फांदीजवळ गेले. लांडग्याच्या डोळ्यांत त्यांना भूक आणि भीती यांवाचून काही दिसेना. ते म्हणाले, "अडकलेल्याला मारायचे नाही. करडे मधे घ्या, शिंगे बाहेर ठेवा. मी याला सोडवतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? पहिली तुमचीच मान धरेल तो."

"धरली तर माझ्यावर त्याची भूक भागेल. करडे तरी वाचतील."

बाभळीचे काटे चावणे हा शेळ्यांच्या हातचा मळ. बोधिसत्त्व एकेक डहाळी खुडत गेले. शेवटची डहाळी लांडग्याच्या जबड्याखाली होती, तिथे गळा पुढे करावाच लागला. लांडग्याने जबडा उघडला. गरम वाफ गळ्याला लागली. मग जबडा मिटला, डहाळी तुटली आणि लांडगा मोकळा झाला.

पण दारच खाऊन संपले होते, आणि तेवढ्यात बनातून आणखी दोन लांडगे धावत आले. बोधिसत्त्व शिंगे सरसावून मोकळ्या दारात उभे राहिले. तो लांडगा लंगडत त्यांच्या शेजारी आला, कळपाकडे पाठ करून बसला आणि भाऊबंदांवर दात विचकत म्हणाला, "हे दार बंद आहे."

ते दोघे आल्या पावली परतले. भद्दक आला तो दारात लांडगा बघून कुऱ्हाड उगारूनच धावला. बोधिसत्त्व मधे आडवे झाले. मागे सारी करडे सुखरूप होती. भद्दकाने कुऱ्हाड खाली ठेवली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "पूर्वी वाटमारी करीत होता म्हणून ज्या नव्या भिक्षूला तुम्ही विहारात घेत नाही, तोच तेव्हाचा लांडगा. त्याला हाकलायला उठलेला हा वडीलधारा स्थविर तेव्हाचा भद्दक, कळप म्हणजे तुम्ही सारे, आणि बोकड मी होतो."

स्थविराने मान खाली घातली आणि त्या नव्या भिक्षूच्या हाती विहाराचे दार सोपवले. या पुण्याचे नाव मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.