निंबदऱ्यात ‘म्हणे’ का चालत नाही

निंबदऱ्याच्या बारवेपासून गावात शिरलं की पाच दगडी ओटे लागतात. गुडघ्याएवढे उंच, वर चुन्याचा हात दिलेला. ते सारख्या अंतरावर नाहीत. दोन अगदी शेजारी आहेत, एक लांब न्हावीआळीच्या तोंडाशी आहे, जणू कोणी थकून जिथे जमेल तिथे बसत गेलं. ज्या घरावर खोटा आळ आला असेल त्या घरची बाई गुरुवारी इथे येते, बारवेचं पाणी कळशीत घेते आणि प्रत्येक ओट्यावर एक ओंजळ सोडते. नवस एवढाच. नारळ नाही, ओटी नाही.

पाणी काढून देतात त्या तान्हूबाई कोळीण. सत्तरी उलटली आहे, पण पोहरा अजून स्वतः ओढतात. आम्ही जावा मिळून गेलो होतो. धाकटी सहज बोलून गेली, “फार जागृत ठिकाण आहे म्हणे.”

तान्हूबाईंनी पोहरा खाली ठेवला. “कोण म्हणे?”

धाकटी आमच्याकडे बघू लागली.

“नाव आठवत असेल तर सांग बाई, नाहीतर राहू दे. या गावात तो शब्द चालत नाही.”

मग पायरीवर बसून त्यांनी ही हकिगत सांगितली. त्यांना ती सासूने, राहीबाईंनी, सांगितली होती. राहीबाईंना त्यांच्या सासूने, ठकूबाईंनी. अशी एकेक नावं घेत त्या मागे मागे गेल्या आणि शेवटचं नाव आलं सकवार कोळणीचं. सकवारने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा या मुलखात सुलतानांचा अंमल होता. इमादोद्दीन नावाचे एक मोठे आलिम, म्हणजे मुसलमानी धर्मशास्त्राचे पंडित, उतारवयात निंबदऱ्याला येऊन राहिले. गाव त्यांना इमादबाबा म्हणू लागलं. पैगंबरसाहेबांची वचनं कोणी कोणाला सांगितली, त्याने पुढे कोणाला, आणि मधला प्रत्येक माणूस भरवशाचा होता की नाही, हे तपासण्यात बाबांचा जन्म गेला होता. एका वाक्यासाठी ते चाळीस दिवस गलबतातून गेले होते, आणि सांगणारा दोनदा ‘बहुतेक’ म्हणाला म्हणून काही न लिहिता परत आले होते. आता त्यांचा ग्रंथ पुरा होत आला होता. त्यात हजारो माणसांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे शेरा होता, ‘याच्याकडचं घ्यावं’ किंवा ‘याच्याकडचं घेऊ नये’. डोळे अधू झाल्यामुळे बाबा तोंडाने सांगत आणि त्यांचा लेखनिक याकूब कातिब लिहून घेई.

बारवेवर पाणी काढून द्यायची ती ही सकवार. विधवा, तोंडाने फटकळ. बाबा रोज सकाळी तिच्याकडून पाणी घेत.

“आज किती खोटे धरले, बाबा?”

“तीन.”

“मेलेलेच ना?”

“कधीचेच.”

“मग बरंय. जित्यांना धरायला लागलात तर माझ्याकडे पाण्याला कोण येईल?”

त्या वर्षी चैत्रात बाबांखेरीज पाण्याला खरंच कोणी येईनासं झालं. बायका पायरीपर्यंत येत, सकवारला बघत आणि रिकामी घागर घेऊन मागे फिरत. बाकी सगळं गाव खालच्या डोहाचं पाणी प्यायला लागलं. सकवारने विचारलं तर कोणी कारण सांगेना. नजर चुकवून लोक निघून जात. बाबांची एक घागर काढली की दोर दिवसभर सुकत पडे.

मग कुंभाराच्या घरात एका दिवसात दोघं गेली. उलट्या, ढाळ, आणि संध्याकाळपर्यंत डोळे खोल. जरीमरी आली होती. वेशीवर कडुलिंबाचे डहाळे बांधले, देवीला दहीभात दिला, तरी रोज एक तिरडी उठत होती. लोकांनी रडणंही सोडलं. दारं भर दुपारी बंद असत आणि गावात फक्त डोहाकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज येई. अकरा माणसं गेली. बारावी गेली ती रायाजी पाटलांची लेक.

तिची राख निवायच्या आत पाटलांची माणसं सकवारला धरून घेऊन गेली. बारवेच्या पोटात दिवा लावायचा मोठा कोनाडा आहे. तिला त्यात बसवलं आणि पुढे भिंत घालायला दगड रचायला घेतले.

इमादबाबा काठी टेकत आले. “पाटील, हिने काय केलं?”

“पाण्यात घालते काहीतरी.”

“तुम्ही पाहिलंत?”

“सगळं गाव सांगतंय.”

“गाव एका तोंडाने बोलत नाही. तुमच्या कानात कोणी सांगितलं, त्याचं नाव द्या.”

पाटलांनी सूर्याकडे बघितलं. “दिवस मावळेपर्यंत हिंडा. पुढे माझं कोणी ऐकणार नाही, आणि मी थांबवायलाही जाणार नाही. मला सांगितलं मैना तेलिणीनं.”

“मग हिलाही बरोबर द्या. जिच्यावर आळ आहे, तिच्यासमोर बोलायला हवं.”

सकवारचे हात तिच्याच दोराने बांधले आणि वरात निघाली. बाबांचे गुडघे गेलेले होते. प्रत्येक दारापुढे त्यांना दगडावर टेकावं लागत होतं. पाटलांच्या दाराशी ते बसले तो पहिला ओटा. शेजारच्या मैनाच्या दाराशी दुसरा.

मैना दार किलकिलं करून बोलली. “पाण्यात घालते असं मी कुठं म्हटलं? हिच्या हातचं पाणी बाधतं, एवढंच म्हटलं. म्हालू न्हाव्याचं बोलणं ते.”

न्हावीआळी लांब होती. सावल्या वाढत होत्या. म्हालूचं घर आलं तेव्हा त्याच्या दारातही मढं होतं, त्याच्या भावाचं. तो बाबांकडे न बघता म्हणाला, “बाधतं असं नाही म्हटलं मी. हिच्याकडचं घेऊ नये, असं तुमच्याच घरात ठरलंय, एवढं सांगितलं. याकूबमियांची दाढी करताना मी विचारलं, आज काय लिहिलंत? ते म्हणाले, एका बाईविषयी लिहिलं, तिच्याकडचं घेऊ नये. आता बाबा, तुम्ही गावात घेता ते एकाच बाईकडचं.”

याकूब कातिबाचं घर चौथं. तो ऐकता ऐकता भिंतीला टेकला. “मी नाव कुठं घेतलं?” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती बाई होती आखाताच्या टोकाच्या बसरा शहराची रैहाना. फार जुन्या काळची. तिच्याकडची वचनं घेऊ नयेत, असा तो शेरा होता.

सकवार बांधल्या हातांनी पुढे झाली. म्हणाली, “माझं पाणी बंद झालं, मग पहिलं मढं उठलं. आधी नाही. डोहाचं प्यायले ते सगळे.”

बाबा उठले आणि आपल्या घराकडे चालू लागले.

“ते पान वाच,” आपल्या दाराशी बसून ते याकूबला म्हणाले. “रैहानाविषयी मला कोणी सांगितलं ते वाच.”

याकूबने पान दोनदा वर-खाली केलं. बाबांच्या तरुणपणच्या टिपणावरून ते उतरवलं होतं. “नाव नाही, बाबा. इथे नुसतं लिहिलंय, ‘असं सांगतात’.”

बाबांनी हात पुढे करून ते पान मागून घेतलं. इकडे उन्हं माळवदांवरून उतरली होती. पाटलांची माणसं बारवेतल्या दगडांकडे परतायची चुळबुळ करू लागली. तेव्हा बाबा तिथूनच म्हणाले, “पाटील, तेरा माणसं माझ्या शब्दाने गेली. भिंत घालायची तर ती जागा माझी आहे. हिचे हात सोडा.”

पाटील पुढे आले आणि त्यांनी स्वतः गाठ सोडली. लेकीचं नाव त्यांनी काढलं नाही. सकवार तशीच बारवेवर गेली, पोहरा सोडला, भरून आणला. पाटील सगळ्यांच्या देखत तिच्या हातून पाणी प्यायले आणि तोंड न पुसता घरी गेले.

बाबांनी ग्रंथाचं ते पान सकवारच्या पुढे धरलं. तिने पाणी ओतलं. रैहानापुढची शाई धुऊन गेली. मग त्यांनी याकूबला शेवटच्या पानावर आणखी एक नाव घालायला लावलं, त्यांचं स्वतःचं, आणि पुढे, ‘याच्याकडचं घेऊ नये’. याकूब रडत होता, तरी त्याने अक्षर बिघडू दिलं नाही.

डोहाचं पाणी पिणं सुटलं तशी जरीमरी ओसरली. महिन्याभराने चौलच्या बंदराकडे निघालेल्या व्यापाऱ्यांबरोबर बाबाही निघाले. सकवार वेशीपर्यंत पाणी घेऊन गेली. “या वयात कुठं बसऱ्याला जाता? ती तर कधीच मेली ना?”

“म्हणून तर. तिला येऊन सांगता येत नाही. तिथे कोणाला तरी तिची खरी हकिगत ठाऊक असेल.”

ते परत आले नाहीत. गलबत बुडालं की ते पोहोचले, रैहाना खरी निघाली की खोटी, हे निंबदऱ्यात कोणी सांगत नाही. सांगणाऱ्याचं नाव कोणाकडे नाही.

गावची बरीच मुलं आता आखातात कामाला असतात. आजही त्यांच्यातला कोणी सुट्टीवर आला की घरी जायच्या आधी त्याला बारवेवर थांबावं लागतं. तान्हूबाई त्याला पाणी देतात आणि विचारतात, “तिकडे रैहानाचं कोणाकडून काही कळलं का रे?”

“नाही, आजी,” तो म्हणतो.

“बरं. पुढच्या खेपेला विचार.”